दगड त्यांनी आणायचे, काप मी बघायचे?

वाचक लिहिते:

ताई, नमस्कार. मी भूशास्त्रात पीएच.डी. करते आहे, दुसरं वर्ष सुरू आहे. विषय एका शिअर झोनमधल्या, म्हणजे जिथे खडक एकमेकांवरून सरकत ताणले गेले त्या पट्ट्यातल्या, रूपांतरित खडकांचा. गटात मी एकटीच मुलगी. फील्ड निघालं की सर मला मागे ठेवतात. ‘डोंगरात मुक्काम असतो, सोयी नसतात, तुला काही झालं तर जबाबदारी माझ्यावर येईल,’ असं म्हणतात. माणूस वाईट नाही, मनापासून काळजी करतात. नमुने बरोबरची मुलं आणून देतात; थिन सेक्शन, म्हणजे खडकाचे पातळ काप, बघण्यापासून खडकाची पूड आम्लात विरघळवण्यापर्यंत प्रयोगशाळेतलं सगळं मी करते. मागे एका सेमिनारमध्ये बाहेरून आलेल्या प्राध्यापकांनी विचारलं, शिअर कुठल्या दिशेने झालाय? मला सांगता आलं नाही, कारण नमुन्यांवर दिशेची खूणच नव्हती. घरचे म्हणतात, उपग्रहाच्या चित्रांचं काम घे, ऑफिसात बसून होतं, पुढे मूलबाळ झालं तरी जमेल. कधी कधी मलाही तेच बरं वाटतं. मी भांडू की विषय बदलू?
– एक संशोधक विद्यार्थिनी

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य सेमिनारचं आहे, आणि ते तू ओघात लिहून पुढे निघून गेली आहेस. मी मात्र तिथेच थांबणार आहे.

शिअर झोनमधला दगड फोडून नुसता पिशवीत टाकला, की त्यातली निम्मी माहिती डोंगरावरच राहते. दगड जागचा हलवण्याआधी त्याच्या एखाद्या सपाट पृष्ठावर मार्करने स्ट्राइकची, म्हणजे त्या पृष्ठावरच्या समपातळीतल्या दिशेची, रेघ ओढायची, डिप, म्हणजे उतार, ज्या बाजूला असेल तिकडे छोटी खूण करायची, दोन्ही मापं दगडावरच लिहायची, वरची बाजू कोणती ते बाणाने दाखवायचं, फोटो घ्यायचा, वहीत उतरवायचं, आणि मग हातोडा उचलायचा. काही मिनिटांचं काम आहे. पण प्रयोगशाळेत काप कसा घ्यायचा, फोलिएशनला (खडकातल्या थरांसारख्या पृष्ठांना) काटकोनात आणि लिनिएशनला (त्यांवरच्या ताणलेल्या रेघांना) समांतर, हे नीट ठरवून पुन्हा जमिनीवरच्या दिशांशी जोडता येतं ते त्या रेघेमुळेच. मग सूक्ष्मदर्शकाखाली फेल्डस्पार या खनिजाचा डोळ्याच्या आकाराचा एखादा कण, ‘डोळा’च म्हणू, सापडतो. त्याच्या दोन टोकांना बारीक कणांच्या शेपट्या असतात, एक वरच्या अंगाला सरकलेली, दुसरी खालच्या. त्या शेपट्यांवरून वरचा खडक कोणीकडे सरकला ते वाचता येतं. खूण नसेल तर डोळाही दिसतो, शेपट्याही दिसतात, पण सरकणं उत्तरेकडे झालं की दक्षिणेकडे, हे देवालाही सांगता येणार नाही. तोच काप उलट बाजूने बघितला तर डावं उजवं होऊन बसतं.

तेव्हा त्या दिवशी तुला उत्तर आलं नाही यात तुझ्या अभ्यासाची कमतरता नव्हती. मुलांनाही मी दोष देत नाही. ती त्यांच्या त्यांच्या प्रश्नांसाठी हिंडत होती, तुझ्यासाठी जाता जाता दोन दगड उचलत होती. ज्याला प्रश्न पडलेला नाही त्याला रेघ ओढायचं सुचत नाही.

म्हणून माझं मत स्वच्छ आहे: या विषयावर काम करायचं असेल तर तुला फील्डवर जावंच लागेल. बरोबरीने वागवलं जाण्याचा हक्क तुला आहेच आणि त्यासाठी भांडणंही योग्य आहे. पण सरांसमोर पहिला मुद्दा तो ठेवू नकोस. पहिला मुद्दा हा ठेव, की प्रबंधाचा गाभा असलेला पुरावा गोळा होत नाहीये आणि तो तुझ्याशिवाय गोळा होणार नाही. यावर कुठलाही भूशास्त्रज्ञ फार वेळ वाद घालू शकत नाही.

आता सरांच्या काळजीचं बघू. ती खरी आहे असं तू म्हणतेस, मी तसंच धरून चालते. पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. सिलिकेट खडकाची पूड आम्लात पूर्ण विरघळवायची तर हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. हे आम्ल कातडीतून आत शिरतं आणि शरीरातल्या कॅल्शियमला धरतं. सौम्य असेल तर सुरुवातीला दुखतही नाही, आणि अंगाच्या मोठ्या भागावर सांडलं तर हृदय बंद पडू शकतं. खडक कापताना, दळताना उडणारी सिलिकाची धूळ वर्षानुवर्षं फुफ्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो. हे सगळं काम तू करतेस, आणि ‘मुलीने करू नये’ असं तुला कोणी म्हणालेलं नाही. का? कारण तिथल्या धोक्याची सगळ्यांना सवय झाली आहे आणि त्याचे नियम ठरलेले आहेत. फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातच, काम करायचं, हातमोजे कुठले घालायचे, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी ठेवायचं, एकट्याने काम करायचं नाही, काही झालं तर कुणाला फोन करायचा. धोका मोजला, त्यावर उपाय लिहून ठेवले आणि काम सुरू झालं.

डोंगराच्या बाबतीत हे कोणी केलेलं नाही. तिथला धोका मोजायच्या आधीच माणूस वगळलं गेलं. तुला सरांकडून परवानगी मिळवायची नाही. फील्डलाही प्रयोगशाळेचीच शिस्त लावून घ्यायची आहे. ती लागली तर मुलांचंही भलं होईल, कारण घसरून पाय मोडायचा तर तो कुणाचाही मोडतो.

त्यासाठी दोन-तीन पानांचा आराखडा तू स्वतः लिही. रोजचा मार्ग नकाशावर आखलेला असू दे. आउटक्रॉप, म्हणजे उघडा पडलेला खडक, कुठे, चढ किती, परत फिरायची वेळ कोणती, जवळचं रुग्णालय कुठे आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे सगळं त्यात हवं. फोनला रेंज नसेल तिथे काय करायचं? सॅटेलाइट संपर्काचं यंत्र विभागाकडे असेल तर ते मागून घे. नसेल तर ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी येऊन निरोप द्यायचा आणि निरोप आला नाही तर कोणी किती वाजता शोधायला निघायचं, ते लिही. जोडीनेच हिंडायचं. जोडीदार कोण याबद्दल तुझं म्हणणं विचारलं गेलं पाहिजे. मुक्कामाला आतून कडी लागणारी स्वतंत्र खोली, नाहीतर स्वतंत्र तंबू. बूट, हेल्मेट, जाकीट तुझ्या मापाचं. मुलांचं उरलेलं सामान घालून कड्यावर चढायचं नाही, ढगळ हातमोज्यात पकड बसत नाही.

पाण्याबद्दल मी मुद्दाम वेगळं लिहिते, कारण याबद्दल कोणी बोलत नाही. कितीतरी मुली फील्डवर सकाळपासून पाणीच पीत नाहीत, लघवीला जायची पंचाईत नको म्हणून. उन्हात आठ-नऊ तास चालायचं आणि पाणी टाळायचं, म्हणजे चक्कर येणार, डोकं दुखणार, मूत्रमार्गाचा संसर्ग होणार. आणि मग संध्याकाळी म्हणायचं, मुलींना झेपत नाही! यावर उपाय सोपा आहे. ठरावीक अंतराने सगळ्यांनी थांबायचं, गटप्रमुखाने तसं सकाळीच जाहीर करायचं, आणि त्या वेळात कोण कुठे गेलं हे कोणी विचारायचं नाही. पाळीच्या दिवसांसाठी कप वापरायची सवय असेल तर फील्डवर तो सोयीचा पडतो, मात्र स्वच्छ पाण्याची व्यवस्था ठेव आणि पहिला प्रयोग डोंगरावर करू नकोस. पॅड वापरत असशील तर बंद होणाऱ्या पिशव्या जवळ ठेव आणि सगळं परत घेऊन ये. पहिल्या दिवशी पोटात फार दुखत असेल तर त्या दिवशी जवळचा ट्रॅव्हर्स, म्हणजे पाहणीचा मार्ग, घे. ताप आलेल्या मुलासाठी आपण बेत बदलतोच की.

एक धोका मात्र कड्यापेक्षा मोठा असू शकतो, तो बरोबरच्या माणसांचा. मानववंशशास्त्र, पुरातत्त्व, भूशास्त्र अशा फील्डवर चालणाऱ्या विषयांतल्या 666 जणांचं एक सर्वेक्षण 2014 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात 64 टक्के लोकांनी फील्डवर लैंगिक छळाचा अनुभव आल्याचं सांगितलं, आणि पाचातल्या एकाहून अधिक जणांनी शारीरिक अतिप्रसंग झाल्याचं. स्त्रियांच्या बाबतीत त्रास देणारे बहुतेकदा वरिष्ठ होते. हे आकडे तुला घाबरवायला देत नाही. मला त्यातून एकच व्यवहाराची गोष्ट सांगायची आहे: तक्रार ज्याच्याकडे करायची तो माणूस त्या गटाबाहेरचा हवा, त्याचा नंबर निघण्याआधी सगळ्यांच्या फोनमध्ये हवा, आणि मधेच परत यायचं ठरवलं तर भाड्याचे पैसे आणि वाहन तुझ्या हाताशी हवं. वागणुकीचे नियम निघण्याआधी सगळ्यांसमोर वाचून दाखवायला सांग. यात कुणाचा अपमान होत नाही. अमेरिकन जिओफिजिकल युनियन या भूशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2017 मध्ये लैंगिक छळाला थेट वैज्ञानिक गैरवर्तनाच्या व्याख्येत घातलं, म्हणजे आकडे बनवणं आणि चोरणं जिथे बसतं त्याच रांगेत. मला ते फार पटतं.

‘सोयी नाहीत’ हे कारण या विषयात किती जुनं आहे ते ऐक. अमेरिकेचं नौदल अंटार्क्टिकावर शास्त्रज्ञांना पोचवायचं, पण स्त्रियांना न्यायला तयार नव्हतं. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या भूरसायनशास्त्रज्ञ लोइस जोन्स 1969 मध्ये अखेर गेल्या, तेही सगळा गट बायकांचाच असेल या अटीवर. चौघी जणी तिथल्या कोरड्या दऱ्यांमध्ये तंबूत राहिल्या, स्वतः दगड उचलले, स्वतः वाहिले. त्यांनी नेलेले तंबू काही वेगळे नव्हते. वरिष्ठांनी ‘हो’ म्हटल्यावर ज्या सोयी नव्हत्या त्या झाल्या.

आता घरच्यांचा मुद्दा. उपग्रहाचं काम कमी दर्जाचं आहे असं मी म्हणणार नाही, आणि डोंगर चढला तरच खरा भूशास्त्रज्ञ, या बढाईवर माझा विश्वास नाही. रडारच्या प्रतिमांची जोडी लावून भूकंपात जमीन किती सरकली ते सेंटिमीटरच्या हिशेबात सांगता येतं. भूस्खलन, ज्वालामुखी, उपशामुळे खचणारी जमीन, सगळीकडे हे लागतं. डेन्मार्कच्या भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमन यांनी पृथ्वीच्या अंतर्गाभ्याचा शोध लावला तो भूकंपाच्या नोंदी वाचून. 1929 मध्ये न्यूझीलंडला झालेल्या भूकंपाच्या लहरी, जिथे पोचायलाच नकोत अशा केंद्रांवर उमटलेल्या त्यांना दिसल्या. त्यावरून द्रव गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा भाग आहे हे त्यांनी 1936 मध्ये मांडलं. त्यांचा प्रश्न नोंदींत होता म्हणून त्या नोंदींपाशी बसल्या. तुझा प्रश्न खडकात आहे. उद्या तुला खरोखर जमिनीच्या हालचालीचं कुतूहल वाटू लागलं तर खुशाल रडारकडे जा. पण ‘कधी कधी मलाही तेच बरं वाटतं’ या वाक्यात मला कुतूहल दिसलं नाही, थकवा दिसला. थकव्यात विषय बदलू नये.

आणि मूलबाळ. पुढच्या पाच-दहा वर्षांत काय होईल ते धरून आजच दार लावून घेणं मला मान्य नाही. गरोदरपणात किंवा मूल लहान असताना फील्ड कमी होईल, एखाद्या वर्षी बंदही पडेल. त्या काळात आधी आणलेले नमुने, नोंदवह्या, लेखन यावर काम चालतं. आणलेलेच नसतील तर मात्र चालत नाही. लेमन यांचंच बघ: शिक्षण मध्येच सुटलं, काही वर्षं त्या विमागणिताच्या कचेरीत होत्या, मग परत येऊन पदवी पूर्ण केली. भूकंपशास्त्रात त्या शिरल्या 1925 मध्ये, वयाच्या सदतिशीच्या आसपास. अंतर्गाभ्याचा निबंध आला तेव्हा त्या 48 वर्षांच्या होत्या, आणि 1953 मध्ये निवृत्त झाल्यावरही कितीतरी वर्षं संशोधन करत राहिल्या. सगळ्यांचं आयुष्य असं जातं असं नाही. पण तिशीच्या आत सगळं ठरून जातं, हे खरं नाही.

नोकऱ्यांबद्दल तू विचारलेलं नाहीस, तरी थोडक्यात सांगते. बोगदे, धरणं, खाणी, भूजल, सर्वेक्षण, कुठेही मुलाखतीत फील्डचा अनुभव विचारतात आणि तिथे ‘सर नेत नव्हते’ हे उत्तर चालत नाही. भूमिगत खाणीत स्त्रियांना बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार 1935 चा; पुढे अनेक देश त्यातून बाहेर पडले आणि ते दार हळूहळू उघडतंय. उघडेल तेव्हा तुझ्याकडे वही असली पाहिजे.

वहीवरून श्रेयाचा विषय निघतो. अमेरिकन भूशास्त्रज्ञ मेरी थार्प यांनी 1952 च्या सुमारास अटलांटिकच्या तळाचे आलेख जोडता जोडता मधल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर एक खोल दरी ओळखली. समुद्राचा तळ तिथे फाटतोय याची ती खूण होती. ज्या जहाजांवरून ते आलेख यायचे त्यांवर तेव्हा बायकांना जाता येत नव्हतं, त्या स्वतः जहाजावर चढल्या त्या 1960 च्या दशकात. सहकाऱ्याने त्यांचा निष्कर्ष आधी बायकी बडबड म्हणून उडवून लावला. मग भूकंपाची केंद्रं त्याच नकाशावर मांडली, आणि ती नेमकी त्या दरीत येऊन बसली. तरीही 1956 मध्ये याविषयी जो निबंध आला त्यावर थार्प यांचं नाव नव्हतं. आकडे दुसऱ्यांनी आणायचे आणि अर्थ तुम्ही लावायचा, अशी वाटणी असली की नाव गळायला वेळ लागत नाही. तू आज त्याच वाटणीत आहेस. नमुन्याचा क्रमांक, जागा, मापं, कोणी घेतला, कोणी कापला, कोणी वाचला, याची एक तक्तावजा नोंद आजपासून ठेव आणि गटातल्या सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी ठेव. लेखकांची नावं आणि क्रम निबंध लिहायला घेण्याआधी ईमेलवर ठरवून घे. तोंडी ठरलेलं नंतर कुणाला आठवत नाही.

शिफारसपत्राचंही तसंच. भूशास्त्रातल्या पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी, 54 देशांतून आलेल्या 1,224 शिफारसपत्रांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. उत्कृष्ट म्हणता येईल असं पत्र मिळण्याची शक्यता मुलींच्या बाबतीत मुलांच्या निम्मीच निघाली, आणि पत्र लिहिणारा पुरुष आहे की स्त्री याने त्यात फरक पडला नाही. कष्टाळू आहे, मनमिळाऊ आहे, सांगितलेलं काम वेळेवर करते, असं लिहून लोक आपण कौतुकच केलं असं समजतात. म्हणून पत्र मागताना एक पान सोबत दे: कोणता भाग तू मॅप केलास, कुठली पद्धत प्रयोगशाळेत तू बसवलीस, कुठला निष्कर्ष तुझा स्वतःचा. लिहिणाऱ्याला आयतं मिळालं की तो वापरतो.

पहिल्या फील्डला तू मुलांपेक्षा हळू चालशील, क्लायनोमीटर (उताराचा कोन मोजायचं यंत्र) लावायलाही वेळ लागेल. त्यांना दोन वर्षांची सवय आहे. त्याआधी एखाद्या जवळच्या आउटक्रॉपवर दिवसभर जा, एकाच पृष्ठाची मापं पुन्हा पुन्हा घे, ती एकमेकांशी जुळू लागेपर्यंत. हात बसायला डोंगराची गरज नसते.

आणि सरांना हे पाठव, हवं तर शब्द बदलून: “सर, दुसऱ्या प्रकरणासाठी शिअरची दिशा ठरवणं आवश्यक आहे. सध्याच्या नमुन्यांवर दिशेची खूण नसल्याने ते त्यासाठी वापरता येत नाहीत. पुढच्या फील्डमध्ये शिअर झोनला आडव्या जाणाऱ्या तीन ट्रॅव्हर्सवर खूण केलेले नमुने मी स्वतः घेणार आहे. मार्ग, मुक्काम, संपर्क आणि आणीबाणीची व्यवस्था यांचा आराखडा सोबत जोडला आहे. त्यात काय बदल हवेत ते कृपया सांगावं.” यात ‘मी येऊ का’ हा प्रश्न कुठेही नाही, तो घालू नकोस.

सर बदल सुचवतील तर ते मनावर घे. डोंगर त्यांनी तुझ्यापेक्षा जास्त पाहिलेत. सरळ नाही म्हणाले तर कारण लेखी माग. लेखी दिलं नाही तर पुढच्या प्रगती अहवालात एकच वाक्य घाल: खूण केलेले नमुने उपलब्ध नसल्याने दुसऱ्या प्रकरणाचं काम थांबलं आहे. सल्लागार समितीतल्या कुणालाही ते वाचल्यावर ‘मग नमुने का घेतले नाहीत’ हे विचारावंच लागेल, आणि तो प्रश्न तुला एकटीला नसेल. समितीत एखादी फील्ड करणारी स्त्री असेल तर तिला आधी जाऊन भेट.

आराखडा लिहून झाला की सरांकडे जाण्याआधी माझ्याकडे पाठव. परत फिरायची वेळ बहुतेक जण फार उशिराची लिहितात, ती मी आधी तपासेन.